कामिनोवर मुक्काम बुक करताना जेवणाचा प्लॅन कसा निवडावा?

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागो दे कॉम्पोस्तेलाला जाणारी यात्रेकरूंची पायवाट. तिच्यावर सार्रिया गावाहून सान्तियागोपर्यंत चालत जायचं ठरतं, रजा मंजूर होते, बूट घेऊन होतात. मग मुक्काम बुक करायला बसलं की गाडी अडते ती जेवणाच्या रकान्यात. एकाच खोलीचे तीन-चार दर समोर असतात. एकात नाश्ता धरलेला, एकात रात्रीचं जेवणही, एकात काहीच नाही. फरक कधी दहा युरोंचा, कधी पन्नासचा. 'परक्या मुलखात जेवणाचे हाल नकोत' म्हणून बरेच जण सगळ्या मुक्कामांना जेवणासकट पैसे भरून मोकळे होतात. शाकाहारी मंडळी तर हमखास.

माझं मत वेगळं आहे. पूर्ण वाटेसाठी एकच प्लॅन घेऊ नये, प्रत्येक मुक्कामाचं गाव बघून ठरवावं. ज्या गावात खायला दुसरी जागाच नाही तिथे जेवण आधी बांधून घ्यावं. जिथे चार उपाहारगृहं आहेत तिथे फक्त खोली घ्यावी. हा हिशेब कसा करायचा ते पुढे क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी सार्रियापासूनचा शेवटचा साधारण 115 किलोमीटरचा भाग धरला आहे. कॉम्पोस्तेला हे यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पायी किमान 100 किलोमीटर चालावं लागतं, त्यामुळे कमी दिवस हातात असलेले बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात.

आधी चार शब्द

बुकिंगच्या पानावर किंवा लॉजच्या उत्तरात हे चार प्रकार दिसतील.

सोलो आलोखामिएन्तो: फक्त राहणं, इंग्रजी पानांवर 'रूम ओन्ली'. जेवणखाण काही नाही.

आलोखामिएन्तो इ देसायुनो: राहणं आणि नाश्ता, म्हणजे आपल्याला ओळखीचं बेड अँड ब्रेकफास्ट.

मेदिया पेन्सियोन: हाफ बोर्ड. नाश्ता आणि आणखी एक जेवण, बहुतेक रात्रीचं.

पेन्सियोन कोम्प्लेता: फुल बोर्ड, तिन्ही वेळचं.

यात एक गफलत होते. स्पेनमध्ये 'पेन्सियोन' हा लहान, घरगुती लॉजचाही प्रकार आहे. 'पेन्सियोन अमुक-तमुक' अशी पाटी दिसली म्हणून तिथे जेवण मिळेल असं नाही. अनेक पेन्सियोनना स्वयंपाकघरच नसतं. 'ओस्ताल' म्हणजेही आपण समजतो तसं बंक बेडचं होस्टेल नव्हे. ते स्वतंत्र खोल्यांचं साधं हॉटेल असतं आणि खाली बहुधा बार किंवा खाणावळ असते.

पेन्सियोन कोम्प्लेताचा विचार चालणाऱ्या माणसाने सोडूनच द्यावा. दुपारच्या जेवणाच्या वेळी तुम्ही सकाळच्या हॉटेलपासून पंधरा-वीस किलोमीटर पुढे असता. मग दुपारचं जेवण म्हणजे पिशवीत बांधून दिलेला सँडविच, एक फळ आणि पाण्याची बाटली. तेवढं कुठल्याही दुकानात निम्म्या पैशांत मिळतं.

कुठल्या जागी काय मिळतं

कामिनोवरची सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे आल्बेर्गे, यात्रेकरूंसाठीची सामाईक शयनगृहं. सार्रिया आणि सान्तियागो ज्या प्रांतात येतात त्या गालिसियात प्रादेशिक सरकारची, म्हणजे खुन्ताची आल्बेर्गे आहेत. दर माणशी सुमारे 10 युरो, आगाऊ बुकिंग नाही, जो आधी येईल त्याला जागा. तिथे जेवणाचा प्लॅन हा प्रश्नच नाही. स्वयंपाकघर मात्र असतं आणि ते बघून मन हरखतं: स्वच्छ ओटा, चकचकीत शेगडी, मोठं सिंक. कपाट उघडलं की आत रिकामं. पातेलं नाही, तवा नाही, चमचासुद्धा नाही. गालिसियाच्या सरकारी आल्बेर्गेंची ही गोष्ट सगळ्या वाटेवर प्रसिद्ध आहे. खिचडीचं सामान पाठीवर घेऊन आलेल्यांनी ती आधी ऐकलेली बरी.

खाजगी आल्बेर्गे बुक करता येतात. काहींत नाश्ता आणि रात्रीचं जेवण वेगळे पैसे देऊन मिळतं. ते बुकिंगच्या वेळी नाही घेतलं तरी पोचल्यावर संध्याकाळपर्यंत नाव देता येतं.

तिसरा प्रकार 'दोनातिवो', म्हणजे ठरावीक दर नसलेली, देणगीवर चालणारी आल्बेर्गे. रिओखा प्रांतातल्या ग्रान्योन गावात चर्चलाच लागून असलेलं असं आल्बेर्गे आहे. तिथे सगळे मिळून स्वयंपाक करतात आणि एकत्र जेवतात. दिंडीच्या पंगतीत बसलेल्या माणसाला ते वातावरण समजावून सांगावं लागणार नाही. पण फुकट आहे असं समजून पेटीकडे पाठ फिरवू नये. आजच्या पेटीतल्या पैशांतून उद्याच्या लोकांचं जेवण शिजतं.

राहता राहिली गावाबाहेरची शेतघरं, कासा रुराल. दगडी भिंती, बाग, शांतता, आणि बहुतेकदा वाटेपासून एक-दोन किलोमीटर आडबाजूला. मेदिया पेन्सियोनचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथेच उभा राहतो, कारण रात्री जेवायला परत गावात चालत जायची ताकद पायांत उरलेली नसते.

भारतीय पासपोर्टवाल्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडायचा असतो, आणि सरकारी आल्बेर्गेचं बुकिंगच होत नसल्याने तो कागद मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडची बरीच मंडळी खाजगी जागा आधीच बुक करतात आणि जेवणाच्या रकान्याशी गाठ पडते. या घडीला शक्य तिथे रद्द करता येणारं, फक्त राहण्याचं बुकिंग करा. जेवणाचं नंतर निरोप पाठवून ठरवता येतं. उलट, स्वस्त पडतं म्हणून जेवणासकटचा 'रद्द केल्यास परतावा नाही' असा दर घेतला, तर व्हिसा लांबल्यावर खोलीबरोबर जेवणाचेही पैसे जातात.

घड्याळ जुळवून बघा

प्लॅन निवडताना पैशांपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची, आणि स्पेनमध्ये जेवणाच्या वेळा आपल्यापेक्षाही उशिरा असतात. दुपारचं जेवण साधारण दीड ते साडेतीन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद, ते रात्री आठ-साडेआठलाच उघडतं. स्पेनने 1940 साली घड्याळ एक तास पुढे नेलं ते तसंच राहिलं, आणि गालिसिया तर देशाच्या पश्चिम टोकाला. तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि ऑक्टोबरच्या सकाळी आठलाही अंधार. जेवणही त्याच हिशेबाने सरकतं.

यात्रेकरूंसाठी मात्र बरीच खाणावळवाली मंडळी सात-साडेसातलाच जेवण सुरू करतात, कारण आल्बेर्गेत दहाला दिवे बंद होतात. 'इथे मेदिया पेन्सियोन आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. रात्रीचं जेवण किती वाजता सुरू होतं ते विचारा. गावाबाहेरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात नऊ वाजता जेवण मिळणार असेल, तर पंचवीस किलोमीटर चालून आलेला माणूस सूप येईपर्यंत खुर्चीतच पेंगतो.

नाश्त्याचं दुखणं याच्या उलट. हॉटेलचा नाश्ता बहुधा साडेसात-आठला सुरू होतो. उन्हाळ्यात चालणारे लोक ऊन टाळायला सहा-साडेसहालाच निघालेले असतात. म्हणजे ज्याचे आठ-दहा युरो आधीच भरलेत तो नाश्ता टेबलावर लागतो तेव्हा तुम्ही दोन गावं पुढे असता. काही हॉटेलं आदल्या रात्री पिशवी भरून ठेवतात. पहाटे अंधाऱ्या लॉबीत ती उघडली की आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला क्रोसाँ, रसाचा छोटा खोका आणि ब्रेडमध्ये खामोन, म्हणजे डुकराचं मांस.

कामिनोवरचा खरा नाश्ता वाटेवरच्या बारमध्ये होतो. तासभर चालायचं, पहिला उघडा बार दिसला की पाठपिशवी दाराशी टेकवायची. काफे कोन लेचे म्हणजे दुधाची कॉफी, भाजलेला पाव, त्यावर लोणी आणि जॅम किंवा किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, नाहीतर बटाट्याच्या जाड ऑम्लेटचा तुकडा. तीन ते पाच युरोंत काम होतं. शिवाय क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या पासबुकावर शिक्का मिळतो. शेवटच्या 100 किलोमीटरमध्ये दिवसाला दोन शिक्के लागतात, त्यातला एक असा आपोआप होतो.

म्हणून माझा सरळ नियम: सार्रियानंतरच्या वाटेवर नाश्ता फुकट असेल तरच घ्या, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. अपवाद दोन. तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल आणि उपाशीपोटी निघणं शक्य नसेल, तर एक. हिवाळ्यात चालत असाल आणि वाटेवरचे बार बंद असतील, तर दुसरा.

रात्रीच्या ताटात काय येतं

मेदिया पेन्सियोनमधलं जेवण बहुतेक ठिकाणी 'मेनू देल पेरेग्रिनो'च असतं, म्हणजे यात्रेकरूंसाठीचं ठरावीक जेवण. तेच बाहेर कुठल्याही खाणावळीत साधारण 12 ते 16 युरोंत मिळतं. प्रिमेरो म्हणजे पहिला पदार्थ: सॅलड, सूप, मसूर किंवा स्पॅगेटी. सेगुन्दो म्हणजे दुसरा: कोंबडी, डुकराचं मांस, मासा किंवा अंडी, आणि सोबत तळलेले बटाटे. मग गोड. पाव असतो, आणि पाणी किंवा वाइन. प्रत्येकात दोन-तीन पर्याय असतात, पण मेदिया पेन्सियोनमध्ये पर्याय कमी होतात, कधी एकच उरतो. ठरावीक पैशांत ठरावीक ताट.

पेयं धरली आहेत का ते आधी बघा. बाहेरच्या मेनूत वाइनची बाटली त्याच पैशांत येते. हॉटेलच्या मेदिया पेन्सियोनमध्ये मात्र 'बेबिदास नो इन्क्लुइदास', म्हणजे पेयं वेगळी, अशी ओळ असू शकते. नळाचं पाणी मात्र मोफत द्यायला हॉटेलं-खाणावळी बांधील आहेत. 2022 च्या कचराविषयक कायद्यातच तशी तरतूद आहे. 'आग्वा देल ग्रिफो' असं मागा. नुसतं 'आग्वा' म्हटलं तर बाटली येते.

आता हिशेब. समजा दोघांच्या खोलीचा दर 60 युरो आणि मेदिया पेन्सियोनसह 110. फरक 50, म्हणजे माणशी 25. बाहेर बारमधला नाश्ता 5 आणि रात्रीचा मेनू 15 धरला तर माणशी 20 होतात. म्हणजे पाच युरो जास्त देऊन तुम्ही निवांतपणा विकत घेता. आडगावात तो घ्यावाच. पोर्तोमारीनसारख्या गावात मात्र त्या पाच युरोंच्या बदल्यात तुमच्या हातची निवड जाते.

आणखी एक युक्ती, जी फार कमी जण वापरतात. पहाटे लवकर निघालात तर दुपारी दोन-अडीचपर्यंत मुक्कामी पोचता. त्या वेळी तिथले स्थानिक लोक 'मेनू देल दिया', म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक जेवण जेवत असतात, आणि तो यात्रेकरूंच्या मेनूपेक्षा बहुतेक वेळा सरस असतो, कारण तो रोज येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी शिजलेला असतो. मुख्य जेवण तेव्हाच करा आणि रात्री फळं, दही, पाव, चीज यावर भागवा. हे जमणार असेल तर मेदिया पेन्सियोन अगदीच निरुपयोगी ठरते. काही लॉजवाले रात्रीच्या ऐवजी दुपारचं जेवणही देतात. विचारायला हरकत नाही.

शाकाहारी असाल तर

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या लोकांची खरी काळजी हीच असते.

'वेखेतारियानो' म्हणून सांगितलं की मोठ्या गावांत समजतं. खेड्यातल्या बाई मान डोलावून एन्सालादा मिक्स्ता, म्हणजे मिश्र सॅलड आणतात: लेट्यूसची पानं, टोमॅटो, कांदा, पांढरा शतावरीचा कोंब, अर्धं उकडलेलं अंडं, आणि वर ट्यूना माशाचा ढीग. त्यात फसवाफसवी काही नाही. तिकडच्या रोजच्या बोलण्यात 'कार्ने' म्हणजे गुरांचं किंवा डुकराचं ताजं मांस. खामोन आणि डब्यातला ट्यूना त्यात सहज धरले जात नाहीत. म्हणून काय खात नाही त्याची यादीच म्हणायची: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मारिस्को, नी खामोन, नी आतून.' मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही, शिंपले-कोळंबी नाही, खामोन नाही, ट्यूना नाही. अंडी आणि दूध चालत असेल तर पुढे 'उएवोस सी, लेचे सी' जोडा. त्याने स्वयंपाकघराचं काम एकदम सोपं होतं.

मेनू कार्डावरच्या ॲलर्जीच्या खुणांवर विसंबू नका. युरोपीय नियमांनुसार 14 प्रकारच्या घटकांची माहिती द्यावी लागते. त्यात अंडी, दूध, मासे, कवचधारी जीव, मृदुकाय प्राणी, शेंगदाणे, तीळ वगैरे येतात, पण मांस त्या यादीत नाही. डुकराच्या चरबीत केलेल्या सूपसमोर एकही खूण नसू शकते.

गालिसियात फसवे पदार्थ बरेच. काल्दो गाय्येगो हे पालेभाजी, बटाटे आणि पांढऱ्या घेवड्याचं सूप दिसायला निव्वळ शाकाहारी, पण त्याची चव डुकराच्या चरबीची. लेन्तेखास म्हणजे मसुराची उसळच, फक्त तिच्यात चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे तुकडे असतात. क्रोकेतास, म्हणजे तळलेले छोटे रोल, बहुधा खामोनचे; एम्पानादा, म्हणजे सारण भरलेली भाजलेली पोळी, बहुधा ट्यूनाची. फरसबी किंवा मिश्र भाज्या मागवल्या तरी वर खामोनचे चौकोनी तुकडे पेरलेले असतात. 'मान्तेका' दिसलं तर ती डुकराची चरबी, 'मान्तेकिया' म्हणजे लोणी. दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे, ध्यानात ठेवा.

चालण्यासारखं काय? अंडं खात असाल तर तोर्तिया दे पातातास हा खरा आधार, बटाटा आणि अंड्याचं जाड थालीपिठाएवढं ऑम्लेट. बहुतेक ठिकाणी त्यात कांदा असतो. तळून वर जाडं मीठ भुरभुरलेल्या पाद्रोनच्या छोट्या मिरच्या, ज्यातली एखादीच तिखट निघते. आर्थूआ भागाचं मऊ चीज. टोमॅटो लावलेला पाव. गोडात तार्ता दे सान्तियागो, बदाम, साखर आणि अंड्यांचा केक, वर पिठीसाखरेत क्रूसाची आकृती. अंडं चालत नसेल तर 'आर्रोथ कोन लेचे' मागा. ती दालचिनी घातलेली आपली तांदळाची खीरच. फ्लान आणि नातियास या कस्टर्डसारख्या गोड पदार्थांत अंडं असतं.

अंडं, कांदा, लसूण हे सगळंच वर्ज्य असलेल्यांनी मेदिया पेन्सियोनच्या भरवशावर राहू नये, हे स्पष्ट सांगतो. त्यांनी स्वयंपाकघर असलेली खाजगी जागा किंवा छोटं अपार्टमेंट बघावं. शिजवलेले काबुली चणे, मसूर, पांढरा घेवडा काचेच्या बरण्यांत प्रत्येक दुकानात मिळतात. घटकांत फक्त पाणी आणि मीठ आहे ना ते वाचा. सोबत तिखट-मसाल्याची छोटी डबी असली की अर्ध्या तासात उसळ तयार. फक्त दुकानाच्या वेळा सांभाळा. खेड्यातली दुकानं दुपारी दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. एकादशीचा उपास करणाऱ्यांना उलट सोपं जातं. बटाटे, शेंगदाणे, फळं आणि दही यांची वाटेवर वानवा नाही.

शाकाहाऱ्यांसाठी मेदिया पेन्सियोन चांगली की वाईट, याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: तुम्ही आधी कळवलंत का. दोन-तीन दिवस आधी लेखी कळवलं तर घरगुती कासा रुरालमधली माणसं मनापासून काही तरी करून घालतात. भाज्यांचा भात, चण्याची उसळ, भोपळ्याचं सूप. रात्री आठला ताटावर बसून सांगितलं तर अंडी आणि तळलेले बटाटे येतात. रोज येतात.

गावागणिक निर्णय

सार्रिया मोठं गाव आहे, जुन्या वस्तीतल्या मुख्य रस्त्यावर खाणावळी रांगेने आहेत. फक्त खोली घ्या.

पोर्तोमारीन पहिल्या दिवसाचा मुक्काम, 22 किलोमीटर. 1960 च्या दशकात बेलेसार धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं तेव्हा चर्चचे दगड मोजून-मापून वर आणून पुन्हा रचले. त्याच चौकाच्या आसपास खायला भरपूर जागा आहेत. फक्त खोली. मात्र इथून पालास दे रेईपर्यंतचा 25 किलोमीटरचा टप्पा मध्येच तोडून गोन्थार, वेन्तास दे नारोन किंवा लिगोन्देसारख्या वाडीत राहणार असाल, तर रात्रीचं जेवण बुकिंगमध्येच घ्या. तिथे एक-दोन जागांपलीकडे पर्याय नाही आणि त्यातली एक त्या दिवशी बंद असू शकते.

पालास दे रेई बरं गाव आहे, अडचण नाही. पुढचं मेलिदे ऑक्टोपससाठी प्रसिद्ध. लाकडी थाळीवर तेल आणि लाल तिखट घातलेला पुल्पो खायला लोक मुद्दाम थांबतात. मत्स्याहारी असाल तर मेलिदेत मेदिया पेन्सियोन घेऊन हॉटेलच्या स्पॅगेटीवर बसणं हा करंटेपणा आहे. शाकाहाऱ्यांनी पुल्पोच्या दुकानातही मिरच्या, पाव आणि चीज मागवता येतं हे ध्यानात ठेवावं.

आर्थूआच्या तीन किलोमीटर अलीकडे रिबादिसोला नदीकाठी जुन्या दगडी इमारतीत आल्बेर्गे आहे. जागा अतिशय सुंदर, पण खायची सोय शेजारच्या बारपुरतीच. तिथे उतरायचं तर आधीच्या गावातून थोडं सामान घेऊन ठेवा. खुद्द आर्थूआत सगळं मिळतं.

आर्थूआ ते ओ पेद्रोउथो या 19 किलोमीटरमध्ये आणि त्याच्या आजूबाजूला वाटेपासून दूर असलेली शेतघरं बरीच. इथे मेदिया पेन्सियोन डोळे झाकून घ्या. फक्त घेताना विचारा की न्यायला गाडी येते का, आणि सकाळी परत त्याच ठिकाणी सोडतात का.

सान्तियागोत शेवटच्या रात्री जेवण कधीही बांधून घेऊ नका. शहर भरलेलं असतं, वाटेत भेटलेली माणसं पुन्हा भेटतात, आणि आठ वाजता हॉटेलच्या ताटासाठी परतायची कुणाची इच्छा नसते.

सार्रियाच्या आधीपासून चालणाऱ्यांसाठी दोन ठिकाणं सांगून ठेवतो. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोरहून पिरेनीज चढताना सुमारे आठ किलोमीटरवर ओरिसाँ हा आश्रय आहे. तिथे रात्रीचं जेवण आणि नाश्ता मुक्कामातच धरलेला असतो, कारण आसपास दुसरं काही नाही. आणि कारियोन दे लोस कोन्देसनंतर कालथादिया दे ला क्वेथापर्यंत 17 किलोमीटर गाव लागत नाही. त्या सकाळसाठी नाश्ता आणि सोबतचं पाणी यांची सोय आदल्या रात्रीच करावी लागते.

एजन्सीचं पॅकेज घेताना

सामान पुढे पोचवणं, खोल्या आणि जेवण असं एकत्र पॅकेज विकणाऱ्या अनेक एजन्सी आहेत. त्यांच्या पत्रकात 'सर्व मुक्कामी हाफ बोर्ड' असं असेल तर हे प्रश्न लेखी विचारा. जेवण राहण्याच्याच जागी की जवळच्या खाणावळीत कूपनवर? सान्तियागोचं जेवण धरलंय की वगळलंय? पेयं? रविवारी रात्री किंवा खाणावळीच्या साप्ताहिक सुट्टीला काय करणार? जेवण काढून टाकलं तर दर किती कमी होतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर बरेच जण फक्त नाश्त्यासकटचं पॅकेज घेतात.

दर माणशी की खोलीमागे, हे आकड्याशेजारी बारीक अक्षरात असतं. खोली दोघांत वाटून घेण्याचा दर दाखवून एकट्या माणसाकडून वेगळी भर घेतली जाते. मेदिया पेन्सियोनचा आकडा मात्र जवळजवळ नेहमी माणशी असतो. 'इवा इन्क्लुइदो' म्हणजे कर धरलेला. मुक्काम आणि खानावळ यांवर तो 10 टक्के असतो, तेव्हा नसेल धरला तर तेवढी बेरीज करा.

25 जुलै हा सान्तियागोचा सण ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष. पुढचं 2027 मध्ये आहे. एरवीच्या 2024 सालीही जवळजवळ पाच लाख लोकांनी कॉम्पोस्तेला घेतलं, तेव्हा 2027 ला छोट्या गावांत जेवणाच्या टेबलासाठीही रांग लागणार हे धरून चाला. त्या वर्षी एक-दोन खाणावळींच्या गावात जेवण आधी बांधून घेणं शहाणपणाचं.

लॉजला पाठवायचा निरोप

खालचा मजकूर मोबाइलवरच्या अनुवादकातून स्पॅनिशमध्ये करून पाठवा. वाक्यं मुद्दाम छोटी ठेवली आहेत, म्हणजे अनुवाद बिघडत नाही.

'नमस्कार. आम्ही दोघे अमुक तारखेला तुमच्याकडे राहणार आहोत. आम्ही चालत येतो. साधारण तीन वाजता पोचू. रात्रीचं जेवण तुमच्याकडे मिळतं का? किती वाजता? माणशी किती युरो? पाणी आणि पेयं त्यात आहेत का? आम्ही मांस, कोंबडी, मासे, खामोन, ट्यूना खात नाही. मांसाचं पाणी घातलेलं सूप खात नाही. अंडी, दूध, चीज खातो. आम्हाला भात, चणे, मसूर, भाज्या आवडतात. सकाळी साडेसहाला निघायचं आहे. नाश्ता आदल्या रात्री बांधून मिळेल का? खामोनशिवाय.'

शेवटचा शब्द गाळू नका. उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण निरोपाला उत्तर देणारा आणि रात्री स्वयंपाक करणारा बहुधा वेगळा असतो.

पोचल्यावर चावी घेतानाच जेवणाचं पुन्हा विचारा: कुठे, किती वाजता, कूपन लागतं का. पाय दुखताहेत, पोट बिघडलंय, जेवायचं नाही असं वाटलं तर तेव्हाच सांगा. स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी सांगितलं तर घरगुती ठिकाणी पैसे सोडतात. ताट लागल्यावर कुणी सोडत नाही. कबूल केलेलं जेवण मिळालंच नाही आणि समोरचा ऐकतही नाही, अशी वेळ आली तर 'ओखा दे रेक्लामासियोनेस' मागा. हा तक्रारीचा छापील अर्ज हॉटेलांना आणि खाणावळींना ठेवावा लागतो. बरेचदा तो भरण्याची वेळ येत नाही, नाव काढल्यावर ऑम्लेट तरी तयार होतं.